तळाचा पहिला

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दारसेटच्या बास्केटबॉल कोर्टावर आज वारा छान होता. नोव्हेंबर संपत आला की मस्कत माणसात येतं. रझाकभाईंची टीम परत हरली. मत्रहला आठवडाभर अत्तर विकायचं आणि शुक्रवारी नमाजनंतर कप्तानगिरी करायची, वय पन्नाशीपुढे. त्यांना पळताना बघून मला स्कोअरच्या टेबलावर बसल्याबसल्या धाप लागते.

सामने संपल्यावर अनिकेत आला. मी स्कोअरशीट आवरत होते.

"काकू, पुढच्या सीझनला मी, जोएल आणि नेव्हिल एका टीममधून खेळायचं म्हणतोय."

म्हटलं, खेळा की. तिघांना एकाच कप्तानाने उचलावं म्हणून नवस बोला. तो हसला नाही.

लीगमधले सगळ्यात चांगले तीन हेच. अनिकेत नागपूरचा, राज्याकडून खेळलेला, इथे तेल कंपनीत. जोएल फिलिपिनो, हॉटेलच्या किचनमध्ये. नेव्हिल मंगलोरचा, बँकेतला. तिघं तीन टीममध्ये आहेत ते माझ्या नवऱ्याच्या, शि.च्या नियमामुळे. सीझन संपला की सगळ्या टीम मोडायच्या, सगळे खेळाडू परत एका ढिगात, आणि शेवटच्या सामन्याच्याच संध्याकाळी सहाही कप्तानांनी एकेक करून उचलायचे. जो तळाला राहिला तो पहिला उचलणार. तळाचा पहिला. शि.ने लीग काढली तेव्हापासून हेच. त्यामुळे कुणी फार माजत नाही आणि कुणी कायमचं रडत नाही.

डिसेंबरात शि.ला जाऊन दोन वर्षं होतील. अनिकेतला म्हटलं, नियम आहे बाबा. तर म्हणाला, "नियम काकांचा आहे ना, काकू, देवाचा तर नाही."

घरी येईपर्यंत गाडीत त्याला उत्तरं देत होते.


२९ नोव्हें., शनिवार

सकाळी सहाला अमेरिकेतला सामना. ही शि.ची सवय मला लागली, त्याला माझी एकही लागली नाही. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटायचं माझ्या नवऱ्याला सकाळी लवकर उठायची शिस्त आहे.

कधी तरी एका उन्हाळ्यात तिकडचे तीन बडे खेळाडू आपापले क्लब सोडून ठरवून एकाच क्लबात गेले. शि. आठवडाभर सुतकात. "मेधा, ह्याला खेळ नाही म्हणत, बंदोबस्त म्हणतात." मी म्हणे, दोस्तांना एकत्र खेळावंसं वाटलं तर तुझं काय जातं? म्हणाला, मग बाकीच्या गावांतल्या लोकांनी तिकीट कशाला काढायचं?

तिकडेही तळाच्याला नव्या पोरांमधून आधी निवडायला मिळतं. पण क्लब मुद्दाम हरायला लागले, म्हणून मग त्यांनी तळाच्यांमध्ये सोडत आणली. आपल्या लीगला सोडत नको का, असं मी तेव्हा विचारलं होतं. म्हणाला, "आठवडाभर ऑफिसात अर्बाबच्या शिव्या खाऊन शुक्रवारी मुद्दाम हरायला कोण येईल गं?"

आज पोह्यांना फोडणी देता देता किचनमधून ओरडले, "किती झाले?" तन्वी डोळे चोळत बाहेर आली. "आई, कोणाशी बोलतेस?" दहावीतली पोर, तिच्या चेहऱ्यावर भीती होती. म्हटलं, टीव्हीशी.

आवाज आला होता मला त्याचा. "घाल, घाल, घाल," असा. समालोचकाचा असेल.


२ डिसें., मंगळवार

ऑफिसात सोहार पोर्टचे तीन कंटेनर अडकले, दिवसभर फोन. घरी आले तर अनिकेत बिल्डिंगखाली उभा, हातात हलव्याचा डबा. मस्कतचा हलवा घेऊन कुणी आलं की समजावं, मोठं काही तरी मागायला आलाय.

त्याच्या कंपनीला माल पुरवणारे एक ओमानी शेठ आहेत. घाला नावाच्या भागात त्यांचा बंदिस्त हॉल, एसी, लाकडी जमीन. सगळ्या लीगला वर्षभर फुकट देतो म्हणतात. एकच अट, ह्या तिघांची एक टीम हवी, त्यांच्या नावाची. दुबईच्या स्पर्धेला ती पाठवायची.

मी म्हटलं, आणि बाकीच्या पाच टीम? त्या काय, सरावाला?

मग तो खरं बोलला. "काकू, माझा गुडघा फार तर दोन सीझन देईल. आजवर प्रत्येक टीममध्ये मी एकटाच ओढत आलोय. एकदा तरी चांगल्यांबरोबर खेळून बघू दे ना. पास टाकला की समोरच्याला तो झेलता येईल, एवढंच हवंय."

खरं सांगायचं तर पटलं. शि.ला ऐकू जाऊ नये म्हणून इथे लिहून ठेवते.


५ डिसें., शुक्रवार

सामन्यांनंतर कप्तानांची मीटिंग. कोर्टाच्या पायऱ्यांवर, समोसे आणि करक चहा. ते तिघंही आलेले. एसी हॉल म्हटल्यावर अर्ध्यांचे डोळे चमकले, आणि का चमकू नयेत, एप्रिलमध्ये इथे बूट चिकटतात जमिनीला.

रझाकभाई हटून बसले. "हे तिगं एक झाले तर आमी काय टाळ्या वाजवायला येवचा?" मी नियमाची बाजू मांडली. शांतपणे, माझ्या मानाने. म्हटलं, पंधरा-सोळा वर्षं ही लीग टिकली, कारण डिसेंबरात तळाला असलेला माणूस जानेवारीत आशा घेऊन येतो.

तेव्हा नेव्हिल म्हणाला, "मेधा मॅम, रूल रूल मत कीजिए प्लीज. शिरीष सर ने खुद जानबूझके मॅच हारा था, अनिकेत को उठाने के लिए. सबको पता है."

रझाकभाईंनी चहाचा कप आपटला, "तोंड सांबाल!" जोएल बुटाची नाडी बघत होता. अनिकेत म्हणाला, "नेव्हिल, यार..." आणि खाली बघायला लागला. नाही म्हणाला नाही.

सबको पता है. मला नव्हतं.

ठरलं काहीच नाही. २६ला सीझनचा शेवटचा दिवस, तेव्हा मतदान.


६ डिसें.

तो सामना मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वीच्या सीझनचा शेवटचा, डिसेंबरच्या सुरुवातीचा. शि.ची टीम विरुद्ध रझाकभाईंची, दोघंही तळाशी, जो हरेल तो शेवटचा. शि. एका गुणाने मागे, वेळ संपलेली, आणि त्याला दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर जिंकला.

शि. पळायला आळशी. पण फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला की लोक आधीच गुण धरायचे. तीनदा चेंडू आपटायचा, श्वास सोडायचा, टाकायचा. मी तर पेन टेकवूनच ठेवायची.

दोन्ही चुकले.

टेबलाशी आला तेव्हा घामाने निथळत होता. मी म्हटलं, हात आहेत की भोपळे? म्हणाला, "जमलं नाही गं." आणि त्याच संध्याकाळी तळाचा कप्तान म्हणून पहिला उभा राहिला आणि अनिकेतला उचललं. अनिकेत तेव्हा नुकता मस्कतला आलेला, दोन शुक्रवार पायऱ्यांवर बसून नुसतं बघत होता. शि. नवरदेवासारखा हसत होता. मला वाटलं, हरला तरी नशीब बघा.

पंधरवड्याच्या आत गेला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत, पट्टा लावलेला. अनिकेतबरोबर एकही सामना खेळला नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, आधी छातीचा काही त्रास? मी ठणकावून सांगितलं, काहीच नाही.

काल रात्रभर नेव्हिलचा राग आला. सकाळी शि.चा आला. लबाड. आम्हाला सगळ्यांना तत्त्वं शिकवून स्वतः पोरगा पटकावला. चहा ढवळताना हसूही आलं.

मग दुसरं सुचलं. मुद्दाम नसेल, तर का चुकले?

चहा तसाच ओतून दिला.


७ डिसें., रविवार

अनिकेतचा फोन, माफी मागायला. म्हटलं, माफी राहू दे, खरं सांग. बराच वेळ "काकू, जाऊ द्या" करत राहिला. मग म्हणाला, "काका आदल्या शुक्रवारी मला म्हणाले होते, तू माझ्याकडेच येणार, काळजी करू नकोस."

असं म्हणाला होता? असंच म्हणाला होता?

"हो काकू. डोळा मारून."

फोन ठेवला आणि मला चक्क बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. नवऱ्याने लबाडी केली हे कळल्यावर कुणा बाईला बरं वाटलं असेल? पण डोळा मारून म्हणाला म्हणजे ठरवलेलं होतं. ठरवून चुकला. म्हणजे त्या दिवशी ठणठणीत होता. मी टेबलावर बसून एका धडधाकट माणसाला भोपळे म्हणाले.

संध्याकाळी तन्वीला शेवयांची खीर केली. ती म्हणाली, "आज काय आहे?" काही नाही गं.


१० डिसें., बुधवार

ऑफिसातून परस्पर मत्रहला गेले. रझाकभाईंचं दुकान सूकमध्ये, जुन्या बाजारात आत, लुबानच्या धुराने आधीच डोळे चुरचुरत होते. ते गिऱ्हाईक सोडून उठले, स्टूल दिलं, चहा मागवला. पंधरा वर्षांत मी त्यांच्या दुकानात एकटी कधी गेले नव्हते.

म्हटलं, अनिकेत असं असं म्हणतो. ते चिडले.

"वैनी, त्या पोरांचा काय ऐकताव? शिरीष मस्करी करायचा, डोळा तो सगल्यांना मारायचा. पन सामना नाय सोडायचा. त्याला बरा नव्हता त्या दिवशी. हाफ टायमाला माज्या बाजूला येवन बसला. म्हनला, रझाक, छातीवर कायतरी ठेवल्यासारका वाटतंय. मी लिंबूपानी दिला त्याला. म्हनला, मेधाला बोलू नको, ती टेबल सोडून येल नि सामना बंद पाडील."

मी चहा पीत राहिले. काय करणार.

"गॅस असेल असाच आमाला वाटला. नंतर बोलायची हिंमत नाय झाली तुमच्याकडं. पन आता मी बोलनार. सव्वीस तारखेला सगल्यांसमोर. त्याच्या नावाला डाग लागलेला मी नाय खपवून घेनार, इन्शाल्ला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी. मला आधार दिला असं त्यांना वाटत होतं. निघताना अत्तराची छोटी बाटली हातात ठेवली, नको म्हटलं तर ऐकेनात.

बाहेर आले, कॉर्निशच्या कठड्याशी उभी राहिले. बंदरात सुलतानाची बोट, पाण्यात दिव्यांची नक्षी, टुरिस्ट फोटो काढतायत. मी टेबल सोडून आले असते. खरंच आले असते. सामना बंद पाडला असता, शिव्या खाल्ल्या असत्या त्याच्या आणि ओढत नेलं असतं त्याला. तेवढं तो मला ओळखून होता.

म्हणून नाही सांगितलं.


११ डिसें.

काही नाही. ऑफिस. दोन बिलांवर चुकीचे नंबर टाकले.


१२ डिसें., शुक्रवार

सामने झाले. नेव्हिल टेबलाशी घुटमळत होता. "मॅम, आय ॲम सॉरी. आपको बुरा लगा. लेकिन मैं झूठ नहीं बोल रहा. मेरी वाइफने उस दिन रेकॉर्ड किया था. देख लीजिए खुद." घरी पोचेपर्यंत मोबाइलवर आला होता.

तन्वी क्लासला गेली होती. दार लावून घेतलं. घरात कोणी नसताना दार कशाला लावलं?

शि. चालत रेषेवर येतो. टी-शर्ट पाठीला चिकटलेला. माझा नवरा चालतोय, हे बघायलाच आधी वेळ लागला. मग पहिल्यापासून लावलं.

तीनदा आपटतो. पहिला टाकतो. चेंडू रिंगच्या अलीकडेच पडतो, आखूड. दमलेल्या माणसाचा असा पडतो, पायातली ताकद संपलेली असते. मग डावा हात एकदा झटकतो. की मनगटावरचा घाम पुसतो? परत तीनदा आपटतो. वर बघतो, टेबलाकडे, माझ्याकडे. दुसरा टाकतो, आणि हा लांब जातो, रिंगवरून पार, बोर्डाच्या वरच्या कडेला लागून मागे. असा लांब फक्त मुद्दाम टाकणाराच टाकतो. ज्याच्या अंगात ताकद नाही त्याचा चेंडू तिथवर पोचणारच नाही.

एक असा, एक तसा. मेल्या, दोन्ही एकसारखे तरी चुकवायचेस.

शेवटी एक बाई मोठ्याने हसते, अगदी मायक्रोफोनजवळ. कोण ही भवानी, असं माझ्या मनात आलं. मग आवाज ओळखला, माझाच.

परत बघायचं नाही असं ठरवलं. जेवणाआधी परत बघितलं.


१७ डिसें., बुधवार

शि.चं दुसरं वर्षश्राद्ध. गुरुजी रुवीहून आले, तासाभरात उरकून पुढच्या घरी. वडे, खीर, आमसुलाची चटणी. पान वाढून गॅलरीत ठेवलं. कावळा येईल तर शपथ. इथली कबुतरं आली, त्यांनी वडा अर्धा टाकला. शि.ला कबुतरांचा भयंकर राग.

तन्वी पानाकडे बघत बसली होती. एकदम म्हणाली, "आई, शाळेत नेव्हिल अंकलची मुलगी म्हणाली, बाबाने चीट केलं. लीगमध्ये. खरं?"

तुला काय वाटतं?

"आय डोन्ट थिंक सो. बाबा खूप... काय म्हणतात, स्ट्रेटला?"

सरळ.

"हां. सरळ. तो कॅरममध्ये पण माझी स्ट्रायकर लाइनवर नसली तर मला सांगायचा. मी सहा वर्षांची होते तेव्हा पण." मग म्हणाली, "तू सांग ना त्यांना. रझाक अंकल पण सांगतील."

मी म्हटलं, जेव आधी.

ह्या पोरीकडे बापाचं काय उरलंय? थोडे फोटो, एक चेंडू ज्यातली हवा गेली आहे, आणि तो सरळ होता हे.


१९ डिसें., शुक्रवार

रझाकभाई कोर्टावर म्हणाले, "मी बोलायचा काय ते लिवून ठेवलाय, वैनी." तीन कप्तान नियमाच्या बाजूचे, दोन पलीकडचे, एक कुंपणावर. रझाकभाई बोलले तर नियम राहील. मेलेल्या माणसाने आजारी असताना शेवटपर्यंत सामना सोडला नाही म्हटल्यावर कोण त्याचा नियम मोडेल? जोएलसुद्धा क्रॉस करेल छातीवर.

म्हणजे लीग वाचते. तन्वीचा बाप सरळ राहतो. सगळ्यांचं भलं होतं.

आणि मला रोज सकाळी उठून हे माहीत असणार, की तो माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, त्याच्या छातीवर दगड होता आणि मी हसले.

दुपारी टेबलावर बसल्याबसल्या फ्री थ्रोच्या रेषेकडे नजर गेली आणि तो तिथे होता. क्षणभरच. मग जोएल होता. एक गुण लिहायचा राहिला. बाजूच्याने सांगितला.


२३ डिसें., मंगळवार

सकाळच्या सामन्यात तो तीन बड्यांचा क्लब हरला. कुठल्याशा तळाच्या क्लबाकडून. लोक वेडे झाले होते. मी मुकाट बघत होते. शि.ने सोफ्यावरून उडी मारली असती, आणि खालच्या मल्याळी मावशींनी छताला झाडू ठोकला असता.

आवाज बंद करून बघितलं. त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. तरी आला.


२६ डिसें., शुक्रवार

आजचं आजच लिहून काढते.

शेवटचा सामना संपला. पायऱ्यांवर सगळे बसले, खेळाडूसुद्धा थांबले. तन्वी आली होती, रझाकभाईंच्या शेजारी बसली. मला वाटतं त्यांनीच बोलावलं असावं. नेव्हिलने हॉलबद्दल सांगितलं, अनिकेतने दुबईबद्दल. मग रझाकभाई उठले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खिशातून कागद काढला, चष्मा लावला. "शिरीष माजा भाव होता," इथून सुरुवात केली.

मी म्हटलं, "रझाकभाई, बसा."

ते थांबले.

म्हटलं, "शिरीष मुद्दाम हरला होता. त्याने मला घरी येऊन सांगितलं होतं. हसत हसत सांगितलं होतं."

कशी बोलले माहीत नाही. ठरवून आले नव्हते, किंवा ठरवूनच आले असेन. रझाकभाई कागद हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं मी खोटं बोलते आहे. चष्मा काढला, कागद चौघडी करून खिशात ठेवला, बसले.

मतं पडली. चार विरुद्ध दोन. नियम गेला. त्या तिघांची टीम झाली. टाळ्या वाजल्या, फार नाही.

अनिकेत जवळ आला, "थँक्यू काकू" म्हणाला. डोळ्याला डोळा भिडवला नाही.

गाडीत तन्वी मागच्या सीटवर बसली. पुढची रिकामी.


२७ डिसें.

तन्वी: "तुला माहीत होतं? ऑल दिस टाइम?"

हो म्हटलं.

"मग तू मला का सांगितलं नाही?"

जेवली नाही. खोलीत आहे. आतून रडल्याचा आवाज येत नाही, तेच वाईट.


९ जानेवारी, शुक्रवार

घालाचा हॉल. एसी इतका की मी शाल घेऊन बसले. लाकडी जमिनीवर चेंडूचा आवाज वेगळाच येतो, स्वच्छ. शेठजी आले होते, पायघोळ दिशदाशा आणि डोक्याला मस्सर, फोटो काढले, प्रत्येकाशी हात मिळवला. चांगला माणूस आहे.

७१–२२.

पहिली पाच मिनिटं बघायला काय सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. अनिकेत न बघता मागे टाकतो आणि जोएल तिथे असतोच. नेव्हिल दोघांच्या मधून सुरी फिरवल्यासारखा जातो. मीही पेन ठेवून बघत राहिले. अनिकेतचा चेहरा असा खुललेला आजवर पाहिला नव्हता. त्याला हवं होतं ते मिळालं.

मग संपलं. म्हणजे खेळ चालू होता, पण संपलं. समोरचे सारखे घड्याळाकडे बघायला लागले. एकाने मला विचारलं, "मॅडम, रनिंग क्लॉक कर सकते हैं क्या?" म्हणजे घड्याळ मध्ये थांबवायचं नाही, लवकर उरकायचं. बायकापोरं मध्यंतरालाच उठली. शेवटचा क्वार्टर अनिकेत बाकावर बसून होता, गुडघ्यावर टॉवेल टाकून. गरजच नव्हती त्याची.

नंतर जोएल पाणी घ्यायला आला. म्हटलं, काँग्रॅच्युलेशन्स. खांदे उडवले. "वी वॉन, मॅम. बट इट्स क्वाएट, नो?"

रझाकभाई आले नाहीत. त्यांची टीम चौघांवर खेळली.


११ जाने., रविवार

आत्ता रझाकभाईंचा फोन येऊन गेला. २६ नंतर पहिलाच. सलाम नाही, कशा आहात नाही.

"वैनी, दारसेटचा कोर्ट सुक्रवारचा मी परत घेतलाय. तीन कप्तान तयार हायत. जोएल पन येतो म्हनतोय. जुन्या नियमान. तळाचा पयला."

म्हटलं, छान झालं.

"पन पोरं विचारतायत. ज्याचा नियम तोच नाय पाळला, तर आमी कशाला पाळायचा? त्यांना काय सांगू मी? तुमी येवन एकदा बोला. सगल्यांसमोर बोललाव ना, तसाच सगल्यांसमोर. शिरीषला बरा नव्हता, एवडाच बोला. बास. खलास. तुमची पोरगी पन माज्या दुकानात आलेली परवा, शाळा सुटल्यावर, एकटीच बसली. म्हनली, अंकल, आई खरं बोलते का? मी काय सांगनार तिला?"

तन्वी एकटी मत्रहला गेली. मला पत्ता नाही.

ते म्हणाले, "वैनी, तुमी त्याला खोटा का पाडलाव? तुमाला म्हाईत हाय तो तसा नव्हता."

काय सांगू ह्या माणसाला? की मला लबाड नवरा परवडतो, रझाकभाई. लबाड नवरा त्या दिवशी मजेत होता, मनात हसत होता, आणि मीही हसले तर काय बिघडलं. तुमचा सरळ शिरीष रेषेवर उभा राहून मरत होता आणि टेबलाकडे बघत होता. तो माझ्याकडे बघत होता हो. तो मला परत आणून देऊ नका. लीगसाठी नाही, पोरीसाठीसुद्धा...

पोरीसाठी?

"वैनी? हायत ना तुमी? सुक्रवारी येताव? हो बोला नायतर नाय बोला."

म्हटलं, भाजी लागतेय, रझाकभाई, नंतर करते फोन.

गॅस पेटवलेलाच नव्हता.